आमचे खास मशरूम

२ मार्च, सोमवार

'आमचे खास मशरूम.' आमचे! साडूनं खानावळीच्या दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलंय, खाली दोन रेघा ओढून. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहून वाचलं. पुढे गेलो, परत मागे आलो, पुन्हा वाचलं. ज्या माणसाला कांद्याची पात कुठली आणि लसणीची कुठली हे मी शिकवलं, तो म्हणे आमचे.

शुक्रवारी मला काढलं त्यानं. काढलं म्हणजे कसं — मी केलेले मशरूम, अख्खा ट्रे, माझ्यादेखत कचऱ्याच्या डब्यात ओतले. मग हात धुतले, पुसले आणि म्हणाला, "उद्यापासून जरा विश्रांती घ्या तुम्ही." धंदा मंद आहे, माणसं कमी करावी लागताहेत, असं काहीतरी पुटपुटला. आणि शनिवारी माझ्या शेगडीपुढे उभी कोण? त्याची बायको. म्हणजे माझी थोरली मेहुणी. त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, त्यामुळे मला धड भांडायचीही चोरी.

ही म्हणते, सोडून द्या आता. सोडतो ना! ते 'आमचे' चार लोकांसमोर त्याच्याच हातानं पुसायला लावतो, मग सोडतो.

३ मार्च, मंगळवार

आज घरी केले. हात राहिला पाहिजे.

मशरूम धुवायचे नाहीत, ओल्या फडक्यानं पुसायचे. जाड कापायचे. पसरट लोखंडी तवा धूर येईस्तोवर तापवायचा आणि त्यात कोरडेच टाकायचे — तेल नाही, मीठ नाही. आणि मग हात मागे बांधून उभं राहायचं. इथेच सगळे मार खातात. कुणाला दम धरवत नाही, उलथनं घेऊन ढवळत बसतात, आणि मग त्याचं पाणचट काहीतरी होतं. हलवायचे नाहीत! आपलं पाणी ते आपण सोडतात, आपणच पितात, मग लाल होतात. तेव्हा थोडं तेल, ठेचलेली लसूण, चिमूटभर साखर. सोया सॉस तव्याच्या कडेनं सोडायचा म्हणजे चर्र होतो. शेवटी व्हिनेगरचे थेंब, शेगडी बंद करून तिळाचं तेल, वरून भाजलेले तीळ आणि पात. बस. भाताबरोबर तोंडी लावायला एवढीशी वाटी, पण लोक त्या वाटीसाठी यायचे.

जहाजावरच्या भटारखान्यात होतो तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या आचाऱ्यानं शिकवलं हे. कडक माणूस. चाखल्याशिवाय ताट बाहेर गेलं तर पळी फेकून मारायचा. तेव्हापासून माझी सवय — चाखल्याशिवाय नाही. आजही चाखलं. सॉस कमी वाटला, घातला. पुन्हा चाखलं, पुन्हा घातला. हल्ली बाटलीत नुसतं काळं पाणी भरून विकतात, दुसरं काय.

हिनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली पोट भरलंय. मग मशीनवर बसून शिवत राहिली. मधेमधे उठून पाणी पीत होती.

५ मार्च, गुरुवार

भाजीवालीशी वाजलं. तिला म्हटलं, ही लसूण आहे की लाकूड? ठेचली तरी वास म्हणून नाही! तिनं एक पाकळी फोडली, स्वतःच्या नाकाशी धरली, मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिच्या टोपलीत हात घातलाय. "साहेब, डोळ्यात पाणी येतंय माझ्या." येईल नाही तर काय, खोटं बोलताना येतंच.

बाजारच बिघडलाय. जानेवारीत मी त्या तापानं अंथरुणाला खिळलो, उठून बघतो तर सगळा माल बेचव. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट दुप्पट घालावी लागते.

साडूचा फोन आला होता, हिच्या मोबाइलवर. "कसे आहेत?" विचारत होता म्हणे. मेलो की नाही अजून, ते बघत असणार.

७ मार्च, शनिवार

शेजारच्या मास्तरीणबाईंना वाटीभर मशरूम पाठवले होते. वाटी परत आली, धुऊन, चकचकीत. चांगले झाले होते की वाईट, एक अक्षर नाही. जिन्यात गाठून विचारलंच. म्हणाल्या, "डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय हो."

हल्ली ज्याला बघावं त्याला डॉक्टरांनी काहीतरी सांगितलेलं असतं!

८ मार्च, रविवार

बसस्टँडजवळ तो ड्रायव्हर भेटला, जो रोज दुपारी खानावळीत जेवतो. मुद्दाम चहा पाजला. खडा टाकून बघितला — काय, हल्ली मशरूम कसे असतात तिकडे? मला वाटलं तोंड वाकडं करील. तर म्हणतो, आता छान असतात. मधे बिघडले होते.

मधे म्हणजे कधी? विचारेपर्यंत बस सुटायची वेळ झाली. चहा अर्धा टाकून पळाला.

मेहुणीचे छान! माझ्या मेहुणीला मी ओळखतो, तिच्या हातचा साधा भात मोकळा झाला तर घरात आनंदीआनंद. मुळीच छान नसणार. ड्रायव्हरला फुकट वाटी मिळत असेल, म्हणून साडूची तळी उचलतोय.

डोक्यात तिडीक गेलीय नुसती.

११ मार्च, बुधवार

सापडलं! मार्ग सापडला.

बावीस तारखेला सासऱ्यांचा वाढदिवस. खानावळ त्या दिवशी बाहेरच्यांना बंद, घरचे सगळे तिथेच जेवणार. मेहुणीचे मशरूम टेबलावर असणारच, साडूला मिरवायचं असतं. त्यांच्या शेजारी मी माझे ठेवणार. बोलणार काहीच नाही. सगळ्यांनी दोन्ही चाखायचे आणि म्हाताऱ्यानं सांगायचं, खरे कुठले. म्हाताऱ्याची जीभ तिखट आहे, कुणाची भीडभाड ठेवत नाही. मग साडूला म्हणायचं, उठा, आता तेवढा फळा पुसून या.

नाकावर टिच्चून करणार.

१२ मार्च, गुरुवार

हिला सांगितलं. हिच्या हातातली सुई थांबली. म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही फक्त जेवायला चला ना." बहिणीची बाजू घेणारच. रक्ताचं नातं आहे, मी काय, कुंकवाचा धनी!

१४ मार्च, शनिवार

ही सकाळपासून म्हणत होती, फ्रिजमध्ये काहीतरी कुजलंय. मी डोकं खुपसून बघितलं, काही नाही. बायकांना उगीच वास येतात. तिनं सगळा फ्रिज रिकामा केला, मागून मशरूमचं पाकीट काढलं आणि नाकाला पदर लावून थेट खाली नेऊन टाकलं. वरून दिसायला ठीक होते की! जरासे बुळबुळीत एवढंच.

साडूनं ट्रे ओतला तेव्हा त्याचंही तोंड अस्संच झालं होतं. एकाच शाळेतले सगळे.

१७ मार्च, मंगळवार

तालीम. तीन वेळा केले, तिन्ही वेळा तवा नुसता ऐकत उभा राहिलो. आधी कुईकुई करतात, मग पाणी सुटलं की रटरटतात, मग पाणी आटलं की आवाज बारीक होतो. तोच क्षण. पूर्वी मी सॉसचा वास बदलला की शेगडी बंद करायचो, आता कानानं करतो. इतका हात बसलाय माझा! साडूला सात जन्म जमणार नाही.

सॉसची नवी बाटली आणली, दुसऱ्या कंपनीची. तीही पाणीच.

२० मार्च, शुक्रवार

झोपता-उठता एकच चित्र. साडू स्टुलावर चढलाय, हातात ओला फडका, मागे सगळं घर उभं. 'आमचे' मधला 'आ' आधी जातो.

फार बरं वाटतं.

२२ मार्च, रविवार, संध्याकाळ

नीच माणूस! असा डाव टाकील असं स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

पहिल्यापासून लिहितो. मशरूम घरून करून नेले, मोठं काचेचं भांडं भरून, वर तीळ, पात, दिसायला दृष्ट लागावी असे. निघण्यापूर्वी चाखले. वाटलं, आज कमी पडायला नको. सॉस आणखी घातला, वरून मीठही. साडूनं दारातच भांडं घ्यायला हात पुढे केला, मी दिलं नाही. स्वतः नेऊन मेहुणीच्या भांड्याशेजारी ठेवलं. मेहुणीचे मशरूम तसे बरे दिसत होते, खोटं कशाला लिहू.

सगळे बसले. सासरे मधोमध, नवा सदरा घालून. मी म्हटलं, बाबा, आज दोन प्रकारचे मशरूम आहेत, दोन्ही चाखा आणि खरं काय ते सांगा. साडूचा चेहरा पडला. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं! सासऱ्यांनी माझ्या मशरूममधला एक तुकडा उचलला, तोंडात टाकला. आणि थांबले. गाल हलायचे थांबले, डोळे बारीक झाले. मला वाटलं, आता बोलतील.

तेवढ्यात साडूनं हात लांब करून माझं भांडं उचललं आणि स्वतःपुढे ओढलं. "हे मी कुणाला देत नाही. कितीतरी दिवसांत यांच्या हातचं खाल्लेलं नाही." आणि हसतहसत भातावर पालथं केलं! अख्खं! मेहुणीनं त्याचा हात धरला, तर तिचा हात बाजूला केला. मी म्हटलं, अहो, सगळ्यांना वाटायचंय. ऐकतोय कुठला. घास घेतो, पाणी पितो, घास घेतो, पाणी पितो. कपाळावर घाम. चमचे तेवढे वाजत होते. शेवटी भांडं भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतलं त्यानं. एक तीळ मागे ठेवला नाही.

पुरावाच खाल्ला! दुसऱ्या कुणाच्या तोंडात पडले असते तर निकाल लागला असता ना! म्हणून सगळे एकट्यानं गिळले. सासऱ्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही चाखलात ना, सांगा की. म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "छान होते हो," एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही. ज्यानं मेहुणीच्या लग्नात आचाऱ्याला भर पंगतीत सुनावलं होतं, तो म्हणतोय छान होते हो! त्याला साडूच्याच घरी राहायचंय, बोलेल कसा.

येताना रिक्षात ही रडत होती. मी म्हटलं, तू कशाला रडतेस, नाक माझं कापलं गेलंय.

२३ मार्च, सोमवार

मेहुणीचा फोन. साडू अंथरुणावर. काल रात्रीपासून उलट्या, ब्लडप्रेशर वर गेलंय, डॉक्टर घरी येऊन गेले. आज खानावळ बंद.

भोगा!

हिच्यासमोर म्हटलं तसं. अधाशासारखं गिळलं की असंच होतं. हिनं डबा भरला, बहिणीकडे निघून गेली. मला विचारलंही नाही चलता का म्हणून. मी गेलोही नसतो.

खानावळीच्या दारावरून जाऊन आलो मात्र. कुलूप. फळ्यावर 'आमचे' तसंच आहे.

२४ मार्च, मंगळवार

आजही बंद.

२६ मार्च, गुरुवार

ही शिवलेले कपडे पोचवायला गेलीय. मी एकट्यासाठी मशरूम टाकलेत. आज कुणाला वाटणार नाही, साडूच्या नावानं एकटा बसून खाणार, अख्खा तवा. त्याला कळेल तरी, एकट्यानं खाणं कशाला म्हणतात. टेबलावर वही घेऊन बसलोय, तव्याकडे कान आहेत. रटरट चालू आहे. चालू दे. हलवायचे नाहीत.

एक विचार डोक्यातून जात नाही. त्याला ते खाताना मजा येत नव्हती. मी समोरच बसलो होतो. हसत होता, पण गिळताना डोळे मिटत होता. मजा येत नव्हती तर मग एवढं खाल्लं कशाला? मला खिजवायचं होतं म्हणावं, तर इतकं जिवावर बेतेपर्यंत कोण खिजवतं? म्हाताऱ्याच्या समोर आपलं हसं होईल म्हणून? मग अर्धं खाऊन बाकीचं सांडून टाकलं असतं. मी असतो तर सांडलं असतं. भांडं हातातून निसटलं म्हणायचं, संपलं. तर तसं नाही, पुसून खाल्लं. हा माणूस मला कळेनासा झालाय. त्याच्यावर राग धरायचा तर तो नीट समजला तरी पाहिजे

(पुढे, संध्याकाळी)

दार वाजत होतं. वाजत नव्हतं, कुणीतरी बडवत होतं. मास्तरीणबाई! "अहो, जळतंय तुमच्याकडे! जिन्यापर्यंत वास आलाय!" वळून बघतो तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं. माझ्या पाठीमागे! तव्यात कोळसे. डोळे चुरचुरत होते, मला वाटलं लिहून लिहून चुरचुरताहेत.

त्यांनीच शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही इथेच बसला होता ना? वास नाही आला तुम्हाला?"

आला ना, म्हटलं. आत्ता उठणारच होतो.

त्या गेल्यावर लसूण ठेचली. नाकाशी धरली. मग तिळाच्या तेलाची बाटली उघडली. मग कॉफीचा डबा. मग साबण, फिनेल, हिच्या कपाटातलं अत्तर. व्हिनेगरची बाटली नाकाला लावून ओढला श्वास — टाळूला झोंबलं, डोळ्यातून पाणी आलं, वास नाही. कशालाच नाही. लाकूड. सगळं लाकूड.

जमिनीवर सगळ्या बाटल्या उघड्या मांडून बसलो होतो तेव्हा ही आली. दारातच थांबली. हातातली पिशवी खाली ठेवली आणि माझ्याशेजारी येऊन जमिनीवरच बसली. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, तापापासून. मी विचारलं, खारट असायचं? म्हणाली, हो. किती? ती एकेका बाटलीचं झाकण लावायला लागली. वडिलांच्या वाढदिवसाला? रडायलाच लागली. त्या शुक्रवारी साडूनं ओतलेला ट्रे कुजक्या मशरूमचा होता, खानावळीत शिरताशिरताच वास येत होता, हेही तिनंच सांगितलं. ताईनं फोन करून कळवलं होतं तिला, त्याच दिवशी.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. ड्रायव्हरला. मास्तरीणबाईंना. भाजीवालीलासुद्धा! मी एकटा आंधळ्यासारखा सॉस ओततोय, आणि सगळे गप्प बसून बघताहेत! संताप संताप झालाय. हिच्यावर नाही होत, रडतेय बिचारी. सगळा त्याच्यावर. तोंडावर सांगायला काय जीभ झडली होती? माणसं कमी करायची आहेत म्हणे! विश्रांती म्हणे! सांगायचं होतं ना, की बाबा, तुझं नाक गेलं, तू आता आचारी राहिला नाहीस.

हे वाक्य लिहून किती वेळ नुसता बघत बसलो.

उद्या जाब विचारणार. आजारी असला तरी विचारणार. फळाही मीच पुसून येणार, त्याची वाट कशाला बघू.

२७ मार्च, शुक्रवार

ओला फडका घेऊनच गेलो. मेहुणीनं दार उघडलं. साडू उशाला टेकून बसला होता, चेहरा अजून सुजलेला. कळलंय मला सगळं, म्हटलं. मान हलवली त्यानं. मग तो जाब, जो रात्रभर पाठ केला होता, तो आठवेचना. एवढंच विचारता आलं, का खाल्लंत सगळं?

त्यानं पांघरुणाची सुरकुती काढली. मग म्हणाला, "दुसऱ्या कुणी खाल्लं असतं तर तुम्हाला कळलं असतं."

मग पाणी मागितलं. मी भांडं भरून दिलं.